दुसऱ्याच्या संपात घेतलेला वर्ग

आमच्या शाळेच्या आवारात दोन इमारती आहेत. मोठीत जिल्हा परिषदेची शाळा भरते. तिथं मी पहिली आणि दुसरी एकाच खोलीत शिकवतो. कडुलिंबाच्या झाडापलीकडं एक खोली आहे, ती अंगणवाडी. मध्ये हापसा आहे, तो दोघांचा. बाकी दोघांचं असं आमच्यात काही नाही. खाती वेगळी, साहेब वेगळे, हजेरीच्या वह्या वेगळ्या. माझ्या पगाराच्या चिठ्ठीत कपातीचा म्हणून जो रकाना असतो, साधारण तेवढ्यात अंगणवाडीच्या ताईंचा सगळा महिना बसतो. हे मला मुद्दाम कुणी सांगितलं नव्हतं. एकदा ताई पासबुकातली इंग्रजी नोंद वाचून घ्यायला आल्या होत्या तेव्हा दिसलं, आणि मी ते पासबुक जरा घाईनंच परत केलं. त्यांच्या रकमेला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. त्या शब्दावर आजवर इतक्या कोट्या झाल्या आहेत की आणखी एक करायला मला संकोच वाटतो.

ताईंकडून लेकरं माझ्याकडं येतात. जूनमध्ये ती पहिलीत येऊन बसतात तेव्हा त्यांना रांगेत उभं राहता येतं, आपली चप्पल ओळखता येते, लघवीला लागली की सांगता येतं, आणि पाटी शेजारच्याच्या डोक्यात घालायची नसते हे ठाऊक असतं. वीसेक वर्षं मी याला बालस्वभाव समजत आलो. बालमानसशास्त्राची चारदोन पुस्तकं मी वाचली आहेत, त्यातली दोन तर विकत घेऊन. त्यांच्यातही मुलं अशीच पहिल्या पानावर तयार येऊन बसलेली असतात. त्यांना तिथवर कुणी आणून बसवलं, याचा उल्लेख नसतो.

ताई संपावर जायच्या आदल्या दिवशी हापशाजवळ थांबल्या.

"सर, उद्यापासून आमी न्हाई."

"किती दिवस?"

"मागण्या मान्य होईस्तोर."

मागण्या मला माहीत होत्या. जगता येईल एवढे पैसे, म्हातारपणी काहीतरी, आणि आपल्याला कर्मचारी म्हणावं. आम्हाला हे सगळं आहे, त्यामुळं ते मागणं मला अगदी वाजवी वाटलं. मी तसं म्हणालोही. वाटलं, आता ताई काहीतरी पाठिंबा वगैरे मागतील. पण त्या म्हणाल्या, "हापशाखालचं डबकं तेवढं बुजवून घ्या. लेकरं घसरायलीत." आणि अंगणवाडीला कुलूप लावून गेल्या. बरोबर त्यांच्या मदतनीस होत्या. त्यांना सगळं गाव मावशी म्हणतं. त्या ताईंपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, मानधन ताईंपेक्षाही कमी, आणि त्यामुळं कुणाचीच भीडभाड न ठेवणाऱ्या.

संप लांबला. दुसऱ्या आठवड्यात अंगणवाडीच्या दारावर एक कागद चिकटवला गेला. ठरलेल्या मुदतीत कामावर हजर न झाल्यास सेवा संपुष्टात आणली जाईल, असा त्यात मजकूर होता. सेवा हा शब्द तिथं मी पहिल्यांदा नीट वाचला. इतकी वर्षं ती सेवा होती म्हणून पगार नव्हता, आणि आता संपवायची वेळ आली तेव्हा ती नोकरी झाली होती. ताईंची पंचवीस वर्षं त्या एका कागदावर डिंकानं चिकटलेली होती.

कागदापाठोपाठ माणसं आली. आमच्या गावच्या सरपंच बाई आहेत, पण खुर्चीत त्यांचे यजमान बसतात. गावानं ही सोय इतकी मनावर घेतली आहे की यजमानांनाच सरपंच म्हणतात. ते आले, ग्रामसेवक आले, आणि कोतवालाच्या हातात हातोडा होता. कुलूप तोडून खोली ताब्यात घ्यायची, पंचनामा करायचा आणि लेकरं बसवायची, असा वरून निरोप होता. सरपंचांनी पांढरे कपडे घातले होते. हातोड्याच्या कामाला पांढरे कपडे का, असा प्रश्न मला पडला, पण फोटो काढायचा आहे म्हटल्यावर सुटला.

ग्रामसेवक माणूस सावध. त्यांनी आधी साहित्याची यादी काढली. वजनकाटा, उंची मोजायची पट्टी, सतरंज्या, एक कपाट. यादीत कुलूप नव्हतं.

"कुलूप कुणाचं हाय?" त्यांनी विचारलं.

मला माहीत होतं. मीच ते मानवतच्या बाजारातून आणून दिलं होतं आणि पैसे ताईंनी दिले होते. तसं मी सांगितलं.

"म्हणजे खाजगी झालं," ग्रामसेवक म्हणाले.

"खाजगी असू द्या का सरकारी, कुलूपच हाय ना?" सरपंच म्हणाले.

"सरकारी तोडलं तर पंचनामा. खाजगी तोडलं तर गुन्हा."

सरपंचांनी कोतवालाकडं पाहिलं. कोतवालानं हातोडा पाठीमागं घेतला. मग बराच वेळ फोनाफोनी झाली. शेवटी हातोडा कुलपाजवळ धरून एक फोटो तेवढा काढला, आणि सरपंच माझ्याकडं वळले.

"सर, तुमची खोली मोठी हाय."

त्याच वेळी माझ्याही साहेबांचा फोन आला. तात्पुरती व्यवस्था, सहकार्य, बालकांचं हित. मी "बरं" म्हणालो. या एका शब्दावर माझी सगळी नोकरी झाली आहे.

दुसऱ्या दिवशी तीन ते सहा वयाची बावीस लेकरं माझ्या खोलीत आली. आईबाप रानात, कुणी कापूस वेचायला, कुणी दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला. लेकरांना सोडून ते परत फिरले, आणि एका पोरानं भोकाड पसरलं. मग दुसऱ्यानं. अर्ध्या तासात सगळी खोली रडत होती, आणि पहिलीची पोरं, जी वर्षापूर्वी रडायची थांबली होती, तीही जुनी आठवण आल्यासारखी सामील झाली. मी फळ्यावर एक मोठा आकडा काढला. मग एक आंबा काढला. एका पोरीनं खाली पडलेला खडू उचलून खाल्ला. खडू खाणं हा बालस्वभाव आहे, हे मला तेव्हा कळलं. दुपारी शाळेच्या खिचडीतूनच त्यांना वाढलं. अर्धी सतरंजीवर गेली. माझ्याकडं एम. ए.ची पदवी आहे, बी. एड. आहे, आणि वरिष्ठ श्रेणीचं प्रशिक्षणही झालं आहे. तिन्हींमध्ये नाक कसं पुसायचं हे नव्हतं.

मी मानवतला राहतो. शाळा सुटली की मोटारसायकलवर निघतो. गावाच्या फाट्यावर चहाची टपरी आहे, आणि परभणीहून आलेल्या बायका मानवतला एसटी सोडून जीपनं तिथंच उतरतात. त्या दिवशी ताई आणि मावशी उतरायला आणि मी पोचायला गाठ पडली. दिवसभर जिल्हा परिषदेसमोरच्या मंडपात बसून, घोषणा देऊन दोघींचे घसे बसलेले.

"काय शिकवलं सर आज?" ताईंनी विचारलं.

"अंक."

"अंक!" मावशी म्हणाल्या. "तीन वर्साच्या लेकराला अंक. उद्या पाढे घ्या. परवा हिशोबाला दुकानावर बसवा."

"रडली का?" ताई.

"सगळी."

"सगळी न्हाई रडत. एक रडतंय, बाकीचे त्याला साथ देत्यात. जे पैलं रडलं त्याला उचलून घ्यायचं अन्..." ताई मध्येच थांबल्या. मावशी त्यांच्याकडं बघत होत्या.

"बाई, आपण संपावर हाव," मावशी म्हणाल्या.

"हाव की. मी कुठं काय सांगायलेय?"

दुसऱ्या दिवशी जे पहिलं रडलं त्याला मी उचलून घेतलं. बाकीचे थांबले. मला आधी आनंद झाला, आणि मग तो आनंद कुणाच्या बाजूचा, ते कळेना.

त्यानंतर रोज फाट्यावर हेच व्हायला लागलं. ताई काही सांगायच्या नाहीत. फक्त विचारायच्या, आणि विचारता विचारता सांगून जायच्या. अमक्याला झोप आली की तो चावतो, तेव्हा त्याला दाराजवळ बसवायचं. तमक्या दोघी बहिणी आहेत, त्यांना एका ओळीत बसवायचं नाही. मावशी दर वेळी आठवण करून द्यायच्या की आपण संपावर आहोत. एकदा तर त्या टपरीवाल्याला म्हणाल्या, "अरे, सरांना एक चहा दे. आमच्या पगारातून." आणि स्वतःच खोकला लागेपर्यंत हसल्या.

धनगरांच्या वस्तीवरची एक पोरगी होती, चार वर्षांची. आईबाप मेंढरांमागं फिरतीवर, ही आजीपाशी. तिचं वजन कमी होतं, आणि अंगणवाडीत तिच्या नावापुढं लाल खूण होती. ती माझ्याकडं काहीच खाईना. गोडीगुलाबी झाली, दरडावणं झालं, घास भरवून पाहिला. तोंड मिटून नुसती बघत राहायची.

चौथ्या दिवशी ताईंनी फाट्यावर विचारलं, "ती वस्तीवरची धाकली जेवली का?"

"नाही."

ताई मावशींबरोबर गावाच्या रस्त्याला लागल्या. मी गाडीला किक मारली तेवढ्यात त्या एकट्याच परत आल्या.

"ताट तिच्यापुढं ठेवायचं अन् तिच्याकडं पाठ करून बसायचं. बगायचं न्हाई. बगितलं की खात न्हाई ती."

"का?"

"मला काय म्हाईत कामून. मला कळाय साहा म्हैने लागले."

मी पाठ करून बसलो. भिंतीकडं तोंड करून, पदव्यांसकट. पंधरा मिनिटांनी ताट सरकल्याचा आवाज आला. वळून बघायचा मोह मी मोठ्या कष्टानं आवरला. सहा महिन्यांचा शोध मला फाट्यावर एका वाक्यात मिळाला होता, आणि तो देणारीच्या दारावर तिची सेवा संपवायचा कागद होता.

खरा गोंधळ इथून सुरू झाला. मला एवढं कळत होतं की संपाचा सगळा जोर त्या बंद दारात आहे. लेकरं घरी रडली, रानात आयांच्या पायात आली, उपाशी राहिली, तर गाव ओरडणार. गाव ओरडलं तर सरपंच ओरडणार, आणि असं ओरडत ओरडत ते जिथं पोचायला पाहिजे तिथं पोचणार. माझ्या खोलीत शांत बसलेलं प्रत्येक लेकरू ताईंच्या विरोधात साक्ष देत होतं. म्हणजे न्याय म्हणाल तर मी वाईट काम करायला हवं होतं. पण पगार म्हणाल तर चांगलं. आणि लेकरं? लेकरांना न्यायही कळत नव्हता आणि पगारही. त्यांना भूक लागत होती.

किती वाईट शिकवलं म्हणजे पुरे? वाईट शिकवायचा मला अनुभव नाही, असा दावा मी करणार नाही. पण ते आपोआप होतं. ठरवून, मोजून, दुसऱ्याच्या हितासाठी वाईट शिकवणं हे कसब वेगळंच आहे. मी माझ्या एका सहकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "तू काहीच करू नकोस. नुसता बसून राहा." हा सल्ला त्याच्या कारकिर्दीशी सुसंगत होता.

एक दिवस मी तेही करून पाहिलं. पहिली-दुसरीला उतारा लिहायला दिला, आणि बावीस जणांना सतरंजीवर सोडून खुर्चीत वर्तमानपत्र उघडून बसलो. म्हटलं, होऊ दे काय गोंधळ व्हायचा तो. अग्रलेख वाचून झाला. गोंधळ होईना. पेपर खाली केला तर लेकरं गोल करून बसली होती. एक मोठी पोरगी, सहाला टेकलेली, मध्ये उभी राहून हात हलवत काहीतरी म्हणत होती, आणि बाकीची तिच्यामागून म्हणत होती. दोघंजण सगळ्यांच्या चपला जोडीनं लावत होते. झोप आली की चावणारा आपण होऊन दाराजवळ जाऊन बसला होता. मी काही केलं नव्हतं. मी पानं उलटत होतो आणि अंगणवाडी भरली होती.

ते दृश्य मला इतकं नवलाचं वाटलं की मी मोबाइल काढला आणि फोटो घेतला. आणि मग तो आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. का टाकला, याचं उत्तर मी तेव्हापासून शोधतो आहे. नवल सांगायला, असं मी स्वतःला सांगतो. पण फोटोखाली मी काहीच लिहिलं नव्हतं, आणि न लिहिण्याचा फायदा कुणाला होणार हे वीस वर्षांच्या नोकरीनंतर मला कळायला हवं होतं.

आमच्या मुख्याध्यापकांनी तो केंद्राच्या गटावर टाकला. तिथून तो तालुक्याच्या गटावर गेला. वाटेत त्याला मजकूर फुटला, 'संपकाळातही बालकांचे शिक्षण अखंड. गुरुजींचे अनुकरणीय कार्य', आणि त्याखाली गुलाबाची फुलं, जोडलेले हात, टाळ्या. दुपारपर्यंत तो चार दिशांनी माझ्याकडंच परत आला. एका साहेबांनी तर मलाच तो पाठवून, यातून प्रेरणा घ्या, असं लिहिलं.

संध्याकाळी फाट्यावर ताई जीपमधून उतरल्या आणि टपरीच्या बाकावर बसल्या. काही विचारलं नाही. मावशींनी सुरुवात केली.

"सर, फोटू लय झ्याक आलाय."

मी टपरीवाल्याला चहा सांगितला.

"मंडपात समद्या बायांनी बगितला. आमच्या गावाचं नाव झालं. एक जण म्हणली, तुमच्या गावात तुमची गरजच न्हाई म्हणं. दुसरी म्हणली, आता कागद लागू करायला त्यांना सोपं गेलं. दोघी जणी तर पिशवी उचलून घरी गेल्या. उद्या हजर होणार हायेत म्हणं कामावर, भ्यायल्या."

"ताई, मी काही केलंच नव्हतं," मी म्हणालो. "खरं सांगतो. मी पेपर वाचत बसलो होतो. लेकरं आपली आपण बसली होती. तुमचीच सवय ती."

"मंग ते लिवायचं व्हतं फोटूखाली," ताई म्हणाल्या.

टपरीवाल्यानं चहा आणून ठेवला. कुणी उचलला नाही.

"सर, तुमचा पेन्शनचा संप झाला तवा तुमची पैली कुणी बसवली?" ताईंनी विचारलं.

मला आठवलं. आमच्या संपात शाळेला कुलूप होतं, आणि पहिलीची पोरं सवयीनं आवारात येऊन उभी राहायची. ताईंनी त्यांना आपल्या खोलीत घेतलं होतं. मी परत आलो तेव्हा पोरं जागेवर होती, एवढंच माझ्या लक्षात आलं होतं.

"तुम्ही."

"तवा कुणी फोटू काढला न्हाई. तुमचा संप माझ्यामुळं मोडला असंबी कुणी म्हणलं न्हाई. मी केलेलं मोजायलाच न्हाई कुणी, तर मोडंल कसा?"

"मग मी उद्या काय करू? लेकरं परत पाठवू?"

"पाठवू नका. उपाशी ऱ्हातील."

"मग नीट बघू त्यांच्याकडं, की नको?"

"मला काय इचारायलाव?" ताई उठल्या. "मी संपावर हाय."

मावशींनी जाताना गार झालेला चहा उभ्यानंच पिऊन टाकला, फुकट जाऊ नये म्हणून. रस्त्यात थोडं पुढं गेल्यावर ताई थांबल्या आणि न वळता म्हणाल्या, "चपला कोण लावत व्हतं?" मी सांगितलं. त्या "हं" म्हणाल्या आणि चालू लागल्या.

पुढचे दिवस मी काय केलं ते मला स्पष्ट सांगता येणार नाही. लेकरं येत होती, मी रडणाऱ्याला उचलत होतो, पाठ करून बसत होतो. पुन्हा फोटो काढला नाही. मागितला तर मोबाइल बिघडलाय म्हणायचो. माझ्या हातून झालेलं क्रांतिकारक कृत्य म्हणायचं तर एवढंच. कागदाची मुदत आली आणि गेली. हजर झालेल्यांची यादी वर गेली, तिच्यात आमच्या गावचं नाव नव्हतं. त्या दिवशी मी फाट्यावर थांबलो होतो. ताई उतरल्या, आणि आज आपण नोकरीत आहोत की नाही ते कुणालाच माहीत नाही, असं अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. त्यांच्या साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, वर विचारतो. वरचे काय म्हणाले ते कळलं नाही.

मग संप मिटला. थोडी वाढ, बाकीच्यावर विचार, विचारासाठी समिती. सेवा संपवायचे कागद मागं घेतले गेले. संपाच्या दिवसांचं मानधन मात्र मिळणार नाही, असं ठरलं. ताई सोमवारी सकाळी आल्या, आपलं खाजगी कुलूप काढलं आणि दारावरचा कागद नखानं खरवडायला लागल्या. बावीसही लेकरं माझ्या व्हरांड्यातून उठून हापशापलीकडं गेली. एकानंही मागं वळून पाहिलं नाही. मला हायसं वाटलं आणि वाईटही वाटलं. त्या आठवड्यात माझं असं बऱ्याचदा होत होतं.

प्रकरण तिथं संपलं असतं, पण आपल्याकडं कुठलीही गोष्ट अहवालाशिवाय संपत नाही. तालुक्याहून निरोप आला की संपकाळातल्या माझ्या कामाबद्दल पंचायत समितीच्या सभागृहात अभिनंदनपत्र, शाल आणि श्रीफळ द्यायचं ठरलं आहे, आणि त्यासाठी मी एक यशोगाथा लिहून द्यावी. शीर्षक त्यांनीच दिलं होतं. ज्या दिवसांसाठी ताईंचे पैसे कापले, त्याच दिवसांसाठी मला शाल. माझा पगार तर त्या दिवसांचा पूर्ण झालाच होता.

मी ठरवलं, खरं लिहायचं. दोन रात्री बसून लिहिलं. लेकरं कशी आपली आपण बसत होती, ती सवय कुणाची, रोज संध्याकाळी फाट्यावर ताई काय काय सांगायच्या, वस्तीवरची पोरगी कुणाच्या युक्तीनं जेवली. शेवटी लिहिलं की या दिवसांत अंगणवाडी प्रत्यक्षात सेविकेनंच चालवली, मी फक्त खोली दिली, तेव्हा त्यांचं मानधन त्यांना मिळावं. वाचून पाहिलं. चांगलं उतरलं होतं. मी स्वतःवर बराच खूश झालो, आणि दुपारच्या सुटीत ते कागद घेऊन अंगणवाडीत गेलो.

ताई वजनं घेत होत्या. वस्तीवरची पोरगी काट्यावर होती. मी वाचून दाखवलं. मावशी भांडी घासता घासता थांबल्या.

"म्हंजे आमी मंडपात बसून कामच करत व्हतो म्हणा की," मावशी म्हणाल्या. "दिवसा घोषणा, संध्याकाळी गद्दारी. हे त्या बायांनी वाचलं तर?"

"पण मावशी, याच्यामुळं कापलेले दिवस परत मिळू शकतात," मी म्हणालो. "निदान विचार तरी करतील."

ताईंनी पोरीला काट्यावरून उतरवलं. वहीत आकडा लिहिला.

"सर, हे देऊ नका."

"का?"

"पंचवीस वर्सं काम केलं, त्यातलं निम्मं कुणी मोजलं न्हाई. आता आयुष्यात पैल्यांदा मी काम न्हाई केलं. तेवढं तरी मोजू द्या की."

"पण तुम्ही केलंत, ताई. रोज केलंत."

"ते मला म्हाईत. तुमाला म्हाईत." त्यांनी काटा उचलून कपाटात ठेवला. "कागदावर मी गैरहजर हाय. तेवढ्यासाठी पैसे कापले. ते दिवस मी इकत घेतलेत, सर. आता तुमी ते परत करायलाव."

मला ते पूर्ण कळलं असं मी म्हणणार नाही. पैसे परत मिळायची शक्यता सोडून गैरहजेरी जपून ठेवायची, हे गणित माझ्या पुस्तकांत नव्हतं. मी म्हणालो, "मग निदान ती शाल मी घेत नाही. नाही म्हणून कळवतो."

मावशींना हसू आवरेना. ताईही हसल्या.

"नगं म्हणा की," ताई म्हणाल्या. "नगं म्हणल्याबद्दल तुमचा पुन्हा सत्कार करतील. पेपरात येईल. तुमचं सर काहीच वाया जात न्हाई."

मी तिथंच, लेकरांच्या बुटक्या टेबलावर वाकून, दुसरी यशोगाथा लिहिली. बालकांना आनंददायी पद्धतीनं शिकवलं. पोषण आहाराकडं वैयक्तिक लक्ष दिलं. सेविका व मदतनीस या कालावधीत गैरहजर होत्या. ताईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"पूर्णपणे लिवा."

सेविका व मदतनीस या कालावधीत पूर्णपणे गैरहजर होत्या व त्यांचे कोणतेही सहकार्य मिळाले नाही, असं मी लिहिलं. सहकार्याचं मी माझ्या मनानं जोडलं, कारण वाक्याला तशी गरज वाटली. मावशींना वाचता येत नाही. त्यांनी ते वाक्य मला मोठ्यानं म्हणायला लावलं. म्हणून झाल्यावर ताई म्हणाल्या, "अजून एकदा म्हणा, सर." मी पुन्हा म्हणालो. दोघी ऐकत उभ्या होत्या, आणि दारातून बावीस लेकरं कुतूहलानं बघत होती की सर आज अंगणवाडीत काय शिकायलेत.